चौतीस नावांचा माणूस

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून आधी तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, बाबा ठणठणीत आहेत. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तर फोनवर तू तीनदा ‘बरं’ म्हणतोस आणि चौथ्यांदा ‘ठेवतो गं’. मला या वेळी एवढ्यात आटोपायचं नाहीये. बातमी अशी, की मी दुकान विकते आहे. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला सह्या. आपली खेळांची साइट, तिचे सगळे पट, सोंगट्या, तू लिहिलेला तो पहिला वेडावाकडा प्रोग्रॅम, सगळं त्या मोठ्या कंपनीचं होणार.

आनंद झाला का, ते विचारू नकोस. मला फक्त झोपायचंय. चौदा वर्षांत एक सुट्टी अशी गेली नाही की सर्व्हर बसला नाही. चुलतबहिणीच्या लग्नात मी भांड्यांच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते, आणि बाहेर सगळे मला शोधत होते. उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, केस विंचरताना नाकी नऊ येतात. आपल्याकडे अजून चारच माणसं. चित्रकार तो पूर्वीचाच, दर आठवड्याला राजीनामा देणारा. तक्रारींना उत्तरं देणाऱ्या मावशी रिटायर व्हायचं म्हणतात, आणि मग मलाच बिचारी म्हणून थांबतात. लहान साइटला आता कोण विचारतं रे? मोठ्यांच्या खेळांत दर मिनिटाला फटाके फुटतात आणि आपल्याकडे लोक नवकंकरी खेळतात, तीन सोंगट्यांची ओळ जुळवत, शांतपणे. मला हे आवडायचं. अजूनही आवडतं, पण ओढवत नाही. हात टेकले मी.

विकणं म्हणजे सही केली आणि सुटले, असं मला वाटलं होतं. कसलं काय! गेले तीन महिने त्यांची तपासनीस बाई रोज येते. चष्म्याच्या दुकानावरच्या आपल्या त्याच दोन खोल्या, त्यात तुझी ती मागे कलणारी खुर्ची. ती बाई तिच्यात बसून पहिल्या दिवशी जवळजवळ उताणी पडली, आणि मी हसले, तेवढंच काय ते हसणं. तिनं प्रत्येक चित्र कोणी काढलं, प्रत्येक आवाज कुठून आणला, सगळं विचारलं. बाई वाईट नाही, पण डोळ्यांत तेल घालून बघणारी. आणि एका दुपारी ती मला म्हणाली, की तुमचे चौतीस जुने खेळाडू एकाच घरातून खेळत आलेत, ते कसं? चोराच्या मनात चांदणं! मी थाप मारली, की ते वृद्धाश्रमातले आहेत. ती म्हणाली, मग दोघं कधीच एका वेळी का खेळले नाहीत? मी उठून चहा सांगायला गेले.

तुला वेगळं सांगायला नको, पण एकदा लिहून काढते, कारण आपण हे कधी नीट बोललोच नाही. सुरुवातीला साइटवर कुणीच नसायचं. लोक यायचे, रिकामं टेबल बघायचे आणि जायचे. बाबा तेव्हा छापखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस, घरात दुधाच्या पिशवीवरच्या चुका काढत बसायचा. ते म्हणाले, मी बसतो. एका नावानं बसले, मग दोन, मग चौतीस. वहीत प्रत्येकाचा स्वभाव लिहून ठेवलेला. ‘घाईकरीण’ भरभर चाल करणार आणि हरणार. ‘रडतराऊत’ प्रत्येक डावाला उशीर करणार. ‘सावकाश’ कधीच चुकणार नाही. आई म्हणायची, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांच्यात इतकी माणसं आहेत हे मला आत्ता कळतंय. हळूहळू खरे लोक आले, बसले, टिकले. दुकान उभं राहिलं ते बाबांच्या बैठकीवर, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

आणि तू म्हणालास की ही लबाडी आहे. समोरच्याला वाटतं आपण चौतीस जणांशी खेळतोय आणि असतो एकच म्हातारा. तुझं चुकलं नव्हतं रे. पण ‘लबाड’ हा शब्द तू बाबांना, आयुष्यभर दुसऱ्यांचा ऱ्हस्व-दीर्घ सरळ करणाऱ्या माणसाला, चित्रकारासमोर म्हणालास. त्यांनी तुला ‘पळपुटा’ म्हटलं, कारण तुझ्या नव्या नोकरीचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. दोघांनी एकेक शब्द उच्चारला आणि सात वर्षं घालवली. आई गेली तेव्हा तू तीन दिवस राहिलास, आणि पाण्याचा तांब्यासुद्धा माझ्यामार्फत मागितलास. मी मधल्यामधे निरोप्या. तेव्हा मला तुमचा दोघांचाही इतका राग आला होता, की सांगता सोय नाही. अजून आहे. खाण तशी माती, दुसरं काय.

असो. तपासनीस बाईंना मी शेवटी खरं ते लेखी दिलं. त्यांची अट सरळ आहे: सहीच्या आधी चौतीसही नावं बंद, आणि विकणाऱ्याच्या घरातल्या कुणीही पुढे तिथं खेळायचं नाही. मला वाटलं होतं बाबा चिडतील. मी आठ दिवस सांगायचं टाळलं. मग एका संध्याकाळी, ते चहात साखर ढवळत असताना, एका दमात सांगून टाकलं. चिडले नाहीत. उठले, वही आणली, माझ्यापुढे ठेवली. नावांवर लाल पेन्सिलीनं आधीच रेघा मारल्या होत्या, तारखांसकट. गेल्या काही वर्षांत त्यांनी एकेक माणूस स्वतःच निवृत्त केला होता. खरे लोक पुरेसे आले, आता कशाला, म्हणाले. घाईकरीण तर सहा वर्षांपूर्वीच गेली म्हणे, आणि मला पत्ता नाही! एकच नाव बिनरेघेचं होतं, ‘सावकाश’. बाबा म्हणाले, तेहतीस बंद कर, एक राहू दे. का, ते सांगेनात. मी समजावलं, चालणार नाही, कायद्याचा कागद आहे. तर म्हणाले, बरं. आणि तो चहा तसाच ठेवून आत गेले. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. पहिल्यांदा मागितलं आणि मी नाही म्हटलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ‘सावकाश’ची सगळी नोंद उघडून बसले. हे तुला लिहू की नको, यात चार दिवस गेले. आता लिहितेच. सावकाश चार वर्षं रोज दुपारी चारला एकाच माणसाशी खेळतो. आई गेल्यानंतरच्या वर्षी आलेला तो माणूस, नाव घेतलंय ‘गैरहजर’. आणि गैरहजर ज्या ईमेलच्या पत्त्यावरून आलाय तो आपण दोघांनी पहिल्या चाचणीसाठी काढलेला पत्ता आहे, तुला वाटलं असेल ताईला आठवायचा नाही. गाढवा, संकेतशब्द मीच ठेवला होता. खोट्या नावांवरून एवढं भांडलास आणि स्वतःच खोट्या नावानं येऊन बसलास! तुला ठाऊक आहे का, समोर कोण आहे ते? मला सांगता येत नाही. पण बाबांना ठाऊक आहे. मी डाव तपासले. सावकाश जगात कुणाशी चुकत नाही, पण तू लागोपाठ दोनदा हरलास की तिसऱ्या डावात त्याला समोरची ओळ दिसेनाशी होते आणि तो भलतीच सोंगटी सरकवतो. दर वेळी. मुद्रितातलं टिंब न सोडणारा माणूस! मी टेबलावर डोकं ठेवून रडले, चित्रकारानं घाबरून पाणी आणलं. साइटवर गप्पा मारता येत नाहीत, ती तुझीच करणी, लोक शिव्या देतील म्हणून. चारच ठरावीक वाक्यं. त्यातलं ‘पुन्हा?’ एवढं एकच वाक्य तुम्ही चार वर्षं एकमेकांना म्हणता आहात. मी बाबांना यातलं काही विचारणार नाही. विचारलं तर ते नाकारतील आणि मग त्यांच्याजवळ तेवढंही उरणार नाही. सही मी करणार आहे, ती मोडायला तुला सांगत नाही, माझ्यात आता बळ नाही. पण शुक्रवारी चार वाजता बाबा सवयीनं खुर्चीत जाऊन बसतील आणि समोर काहीच उघडणार नाही. त्या वेळी घरी फोन कर. मी तो उचलणार नाही.

तुझीच, निरोप पोचवून दमलेली,
ताई