विजयश्रीची फ्रीक्वेन्सी

३ नोव्हेंबर, सोमवार
मशीन घेतलं! हँडहेल्ड स्पेक्ट्रम ॲनालायझर. हवेतून कुठल्या कुठल्या रेडिओ लहरी चालल्यात ते पडद्यावर दाखवतं. चिखलीच्या भंगारवाल्याला हे काय आहे तेच माहीत नव्हतं, तो त्याला मोठा मोबाइल समजत होता. मी चाकणच्या कंपनीत उभा जन्म मेंटेनन्स केलाय, मला बघताक्षणी कळलं. (घरी येऊन नेटवर खात्री केली.)
संकल्प: 'नवनाथ आरएफ सोल्युशन्स'. मोशीच्या नव्या टॉवरांत रेंजची बोंब आहे. घरोघर जाऊन तपासायची, रिपोर्ट द्यायचा. संक्रांतीपर्यंत दोन माणसं हाताखाली.
तनुजाला पुनावळ्याला फोन केला. लेक चाकणलाच टेस्टिंग लॅबमध्ये आहे, तिची असली मशीनं रोजची. वाटलं, खूश होईल. म्हणाली, पप्पा, आईला जाऊन तीन महिने नाही झाले, तुम्ही नीट जेवता का ते सांगा. मी मशीनचं बोलत होतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार
आमच्या भागात गुरुवार म्हणजे लाइनच्या दुरुस्तीचा वार, लाइट नाही. अंधुक उजेडात मशीन टेबलावरून पडलं. मी पाडलं नाही, टेबल तिरकं आहे. पडदा काळा. घाबरायचं कारण नाही. ब्रेकडाउन म्हणजे माझ्यासाठी वरणभात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
दुरुस्ती यशस्वी. आत एक वायर सुटली होती, सोल्डरचा डाग दिला, पडदा लागला. बंद करताना स्क्रू उरले आणि एक पत्र्याचं छोटं झाकण उरलं. फॉरेनवाले उगाच जास्तीचे पार्ट घालतात. झाकण मात्र छान चकचकीत आहे. विजयश्रीच्या फोटोपुढे उदबत्तीची राख पडायला ठेवलं.

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी
पडद्यावर एक रेघ दिसतेय. ओट्याशी उभा होतो तेव्हा दिसली. मोबाइल टॉवरचे, वायफायचे सिग्नल मला आता पाठ झालेत, ते उड्या मारतात, येतात, जातात. ही एकटीच उभी. बारीक आणि सरळ.
विजयश्री अशीच दारात येऊन उभी राहायची. मी मान वर करेपर्यंत परत गेलेली असायची.
हे उगाच लिहिलं. कुणाच्या तरी मिक्सरचा इंटरफेरन्स असणार.

९ नोव्हेंबर, रविवार
मिक्सर नाही. रेघ हॉलमध्येही आहे, बेडरूममध्येही आहे, आणि सगळीकडे तेवढीच उंच. असं होत नाही. सिग्नल म्हटला की जवळ गेलं की वाढतो, लांब गेलं की उतरतो.
खालचे मारुतराव आले. आमची बिल्डिंग यांच्याच वावरात उभी आहे, त्यामुळे ते न विचारता कुठल्याही घरात येतात. पडदा बघून म्हणाले, नवनाथराव, वहिनींच्या दहाव्याला कावळा शिवला न्हवता, न्हाई का?
नव्हता शिवला. देहूला घाटावर पिंड ठेवून आम्ही उन्हात उभे. मेव्हणा म्हणाला, ताई, तनुजाला काही कमी पडू देणार नाही. तनुजा म्हणाली, आई, पप्पांकडे मी बघीन. कावळे वर फांदीवर बसून ढिम्म. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, जी काय इच्छा असेल ती पुरी करीन. एक कावळा उठला आणि पलीकडच्या पिंडावर गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवून घेतलं.
मारुतराव म्हणाले, व्हय, बाईमाणसाचा जीव अडकलाय कशात तरी. हुडका. मी स्पष्ट सांगितलं, मी टेक्निकल माणूस आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.
ते गेल्यावर दार लावून रेघेला विचारलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
भावनेच्या भरात काही होत नाही. कंपनीत कुठलाही प्रॉब्लेम आला की आम्ही व्हाय-व्हाय करायचो. पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ कारण हातात. करून टाकलं.
कावळा का शिवला नाही? इच्छा राहिली. का राहिली? मी पुरी केली नाही. का? मला माहीत नव्हती. का? तिनं सांगितली नाही. का? मी विचारली नाही.
म्हणजे पाचव्या 'का'ला उत्तर मिळालं. यापुढे विचारायची पद्धत नाही. चहा केला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
घाटावर जे चुकलं ते इथे नीट करायचं. तिथे मी मोघम बोललो होतो. मशीन हातात धरून एकेक स्पष्ट कबूल केलं. तनुजाला पाटल्या करीन. ओट्यावर चिमणी बसवीन. तुळजापूरला जाऊ, म्हणजे मी जाईन. टेबल सरळ करीन.
रेघ जरा डावीकडे सरकली!! मशीन हातात तापलं होतं, पण त्याचा काय संबंध? ती ऐकतेय.
तनुजाला फोनवर सांगितलं. रेघेचं, विजयश्रीचं नाही. ती म्हणाली, पप्पा, सोप्पं आहे, अँटेना काढून बघा, तरीही रेघ राहिली तर ती बाहेरून येतच नाहीये, मशीनच्या पोटातलीच आहे. चांगली सूचना आहे. पण अँटेनाचे आटे नाजूक असतात. घाईनं पिळून चालत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
पहिलं गिऱ्हाईक! मारुतरावांना त्यांच्या प्लॉटवर मशीन फिरवायचंय. रेंजसाठी नव्हे. वडील वारले तेव्हा वाटणीवरून खूश होते का ते बघा म्हणाले. मी म्हटलं, मारुतराव, मशीनचा उपयोग तसा नाही. ते म्हणाले, मंग तुमी घरी दार लावून काय करता?
गेलो. प्लॉटवर पत्र्याचा गाळा, दोन म्हशी, आणि मशीनवर तीच रेघ. तिथेसुद्धा तेवढीच उंच. मारुतरावांनी हात जोडले, आन्ना, आन्ना अशी वडलांना हाक मारली आणि रडायला लागले. त्यांना कसं सांगणार की ते आन्ना नाहीत, आमच्या मिसेस आहेत.
घरी आल्यावर विजयश्रीला विचारलं, तू मारुतरावांच्या गाळ्यावर काय करत होतीस? रागावूनच विचारलं. नवऱ्याला विचारायचा हक्क आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार
रूट कॉज सापडलं. ती मारुतरावांकडे गेली नव्हती. ती माझ्याबरोबर आली होती. चाकण चौकात बघितली, आहे. भोसरीला बघितली, आहे. पीएमटीच्या बसमध्ये बघितली, माझ्या मांडीवरच आहे. शेजारच्या माणसानं जागा बदलली.
संसारात ती कधी माझ्याबरोबर बाहेर पडली नाही. म्हणजे मी कधी नेलं नाही असं नव्हे. शिफ्ट असायची, ओव्हरटाइम असायचा, गुरुवारी सुट्टी असली की झोप असायची.

२३ नोव्हेंबर, रविवार
आम्ही निगडीला बागेत जाऊन आलो. बाकावर बसलो, मशीन मधे ठेवलं. दोन भेळा सांगितल्या. भेळवाला म्हणाला, काका, अजून कोण येणारंय? मी म्हणालो, आलेत. दोन्ही मलाच खाव्या लागल्या, पोटाला तडस लागली.
येताना बसमध्ये तिला कंपनीतल्या गोष्टी सांगितल्या. ती एकदाही उठून गेली नाही. मला फार बरं वाटलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
तनुजाचा फोन. अँटेना काढली का? मी म्हणालो, आज अमावस्या जवळ आहे. ती म्हणाली, अमावस्या होऊन आठवडा झाला, पप्पा. मी म्हणालो, पुढची जवळच येतेय.
फोन ठेवला तेव्हा घाम आला होता. अँटेना काढणं म्हणजे हाताचं काम आहे, लहान पोरगंही करील. मी उद्या करणार.

३० नोव्हेंबर, रविवार
आज झालं! मी कबूल करत बसलो होतो, बोलता बोलता म्हणालो, बाल्कनीतलं माझं भंगार काढतो, तुला कपडे वाळत घालायला जागा होईल. आणि पडदा विझला! रेघ गेली! म्हणजे एवढंच हवं होतं तिला. बाल्कनी! अगं मग सांगायचं की!
ओक्साबोक्शी रडलो. मारुतरावांना पेढे नेऊन दिले. कशाचे ते सांगितलं नाही. मोकळी झाली बिचारी. बाल्कनी उद्या.

१ डिसेंबर, सोमवार
बॅटरी संपली होती. चार्ज केल्यावर रेघ परत. बाल्कनी आजही राहिली, म्हणून आली असणार.

७ डिसेंबर, रविवार
बाल्कनी रिकामी केली. जुन्या मोटारी, पंख्याची पाती, तारांची भेंडोळी, सगळं खाली नेलं. कंबरेचा काटा ढिला झाला. धुऊन काढली, नवी दोरी बांधली, तिची एक साडी धुऊन वाळत घातली. मग धीर करून मशीन लावलं.
रेघ आहे.
म्हणजे बाल्कनीही नव्हे. वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. गेली असती तर मी संध्याकाळी बोललो कुणाशी असतो? अँटेनाला यापुढे हात लावायचा नाही, हा संकल्प.

११ डिसेंबर, गुरुवार
लॅबला सुट्टी म्हणून तनुजा आली. बाल्कनी बघून दारातच उभी राहिली. मग वाळत घातलेली साडी बघितली आणि म्हणाली, पप्पा, काय चाललंय? सांगावं लागलं. कावळ्यापासून भेळेपर्यंत सगळं.
हसेल वाटलं. हसली नाही. मशीन उचललं आणि मी नको नको म्हणेस्तोवर अँटेना काढून टेबलावर ठेवली. रेघ तशीच उभी. मी म्हणालो, बघ! तिला अँटेनाही लागत नाही. तनुजानं पर्समधून पेचकस काढून मशीन उघडलं आणि विचारलं, इथलं झाकण कुठाय? मी फोटोकडे बोट केलं. तिनं राख झटकली, ओढणीनं पुसलं, झाकण जागेवर बसवून स्क्रू आवळले.
रेघ गेली. ती म्हणाली, आतल्या सर्किटांनी एकमेकांचा आवाज ऐकू नये म्हणून असतं हे झाकण. मशीन इतके दिवस स्वतःचंच ऐकत होतं, पप्पा.
मी म्हणालो, आणि कावळा? म्हणाली, त्या दिवशी घाटावर पिंडांची रांग लागली होती, कावळ्यांची पोटं टम्म होती. मी म्हणालो, असेल, पण इच्छा तर राहिलीच असणार ना? तू लेक आहेस, तुला बोलली असेल. तिला माझ्याकडून काय हवं होतं?
तनुजा चहाची भांडी विसळत होती. रागावून बोलली नाही, भांडी विसळता विसळताच म्हणाली. काही नाही, पप्पा. तुमच्याकडे मागायचं आईनं केव्हाच सोडून दिलं होतं.
मग तिनं साडी काढून घडी घातली आणि मला पोळीभाजी वाढून गेली.

१२ डिसेंबर, शुक्रवार
मशीन एकदम ओके. ओट्याशी धरून बघितलं, बाल्कनीत बघितलं. टॉवर, वायफाय, बाकी क्लीन.
तनुजाला सगळंच माहीत असेल असं नाही. विजयश्रीनं माझ्याकडे शेवटचं काय मागितलं ते आठवत बसलो. हॉस्पिटलमध्ये पाणी मागितलं ते तनुजाकडे. उशी सरळ करा म्हणाली ते सिस्टरला. मी तिथेच खुर्चीवर होतो. मला एकदाच म्हणाली, तुम्ही घरी जा, इथे बसून काय करणार.
तेवढं मात्र मी लगेच ऐकलं होतं.