शेंड्यावरचे जैतून

तीर्थरूप आईस, कूऱ्याच्या जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, बागेतून फुआदचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? माझी प्रकृती उत्तम आहे. लाज वाटण्याइतकी शक्ती शाबूत आहे.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी मला, शाळेचा मास्तर म्हणून, सुगीवर बोलायला उभं केलं. झाडांचे शेंडे गरिबांसाठी सोडावेत, तेच नीतीनं जगणं, असं मी अर्धा तास सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. सोमवारी मात्र नवी लांब काठी हाती येताच मी आपले सगळे जैतून शेंड्यापर्यंत झोडपून काढले.

संध्याकाळी वदीआकाकू रिकामी टोपली घेऊन आल्या. नवरा गेल्यापासून त्यांचं वर्षाचं तेल आपल्या शेंड्यांवरच्या फळांतूनच निघतं. वर बघत म्हणाल्या, "मास्तर, प्रवचनातली झाडं कुठल्या गावची हो?"

काल मी भरलेलं पोतं त्यांच्या घरी नेलं. त्यांनी हातही लावला नाही. "दारात आणून दिलंत म्हणजे भीक झाली. झाडावर होतं ते माझं होतं."

पोतं परत आणलं, आपल्या ओसरीवर पडून आहे. त्यांना आता काय म्हणू, कळव.

बाबा दरवर्षी म्हणायचे ना, शिडी तोकडी पडली म्हणून शेंडे राहिले? ती शिडी आज कोठारात सापडली. लावून पाहिली. शेंड्याच्याही वर जाते गं.

तुझा बोलघेवडा,
फुआद