म्हाताऱ्या डुकरिणींचे डोळे

६ नोव्हेंबर

इल्काने आज केक आणला. पुन्हा! ज्याचा रोबो डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचला त्याने केक आणायचा, ही आमच्या लॅबची रीत. मी तिच्या आधीची, पण माझ्यावर अजून साधं बिस्कीट आणायची वेळ आली नाही. माझे रोबो – केसाहून बारीक मळसूत्रं – डुकराच्या डोळ्यातल्या जेलीत रुतून बसतात. बाहेरून चुंबक कितीही फिरवा, ढिम्म!

"गेझीने, खा गं, छान झालाय," आमच्या लॅबप्रमुख बाई म्हणाल्या. खाल्ला. खरंच छान झाला होता, त्याचाच राग आला.

पुढच्या वर्षी पैसे एकीपुरतेच आहेत. दुसरीने श्टुटगार्ट सोडायचं. ती दुसरी कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

९ नोव्हेंबर

कळलं! कत्तलखान्यातला नेगेले इल्कासाठी कोवळ्या डुकरांचे स्वच्छ डोळे बाजूला काढतो. "पोरगी गोड बोलते हो," असं मलाच सांगतो, मेला!

मी इल्काला म्हटलं, "तू कशाला पहाटे धावतेस? दोघींचे मीच आणते."

"किती करतेस गं माझ्यासाठी!"

कोवळे मला. म्हाताऱ्या डुकरिणींचे, ढगाळ, तिच्या बादलीत. घे, आण आता केक.

१४ नोव्हेंबर

कोवळ्या डोळ्यांतही माझे अडकले. नाचता येईना अंगण वाकडं! हे फक्त इथेच लिहितेय.

२० नोव्हेंबर

इल्काचे आकडे सैरावैरा! एक रोबो रांगतो, दुसरा उधळतो. जेवताना तिच्या सूपातले माउलटाशन, ते सारण भरलेले पिठाचे तुकडे, तसेच निवून गेले. मला मनातून गुदगुल्या. घरी आले, या आठवड्यात जिना झाडायची पाळी माझी – गुणगुणत झाडला.

२७ नोव्हेंबर

"गेझीने, माझे डोळे म्हाताऱ्या जनावरांचे असतात का गं?"

इल्काने विचारलंच! "नेगेले देतो ते आणते," म्हटलं. ती उद्या त्याच्याकडे जाणार आहे. मेले मी.

२ डिसेंबर

बैठक. इल्का उभी राहिली आणि सांगू लागली: म्हाताऱ्या डोळ्यातली जेली पातळ झालेली, म्हणून रोबो धावतो. कोवळ्या घट्ट जेलीत तो संथ जातो, नाहीतर अडतोच. म्हणजे त्याच्या वेगावरून कळतं, जेली किती सैल पडलीय! तीच सुटताना पडदा फाडते, माणूस आंधळा होतो – ते आधीच ओळखता येईल. कोवळ्यांचा पुरावा म्हणून तिने माझेच अडकलेले रोबो दाखवले. सगळ्यांनी इथल्या रीतीप्रमाणे टाळ्यांऐवजी टेबलं ठोकली. मीही ठोकलं. बोटं अजून दुखतायत.

मीच तिला हे हाताने वाढून दिलं! जळून खाक झाले.

३ डिसेंबर

इल्काने आत येऊन दार लावलं. "नेगेलेने सांगितलं, बादल्या कोण निवडायचं ते. बाईंना मी म्हटलं, कोवळे-म्हातारे वेगळे करायची कल्पना गेझीनेची. त्या आता दोघींसाठी पैसे मागणार आहेत."

"आणि खरं काय ते?"

"ते मला माहितीये."

म्हटलं, उद्याचा केक मी आणते.