शनिवारी आई नाव सांगायला आली

मिनेसोटा,
२५ ऑक्टोबर १९२६

प्रिय आस्लाउगताई,

तुझं पत्र पोचलं. डाकोटात बर्फ पडलासुद्धा! इथे बटाटे निघाले, गायी गोठ्यात घेतल्या. घरात आई आणि मी, दोघंच. आईचे गुडघे दुखतात, पण कॉफीची किटली ती माझ्या हाती देत नाही.

कॉलेजला पन्नास वर्षं होतील, म्हणून त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सुरुवात झरझर लिहिली. नॉर्वेहून आलेली आपली माणसं स्वतः मातीच्या घरात राहिली आणि पोरांसाठी दगडी कॉलेज बांधलं. पोरांनी शिकावं आणि देवाशी आपल्या भाषेत बोलावं, एवढीच त्यांची इच्छा. आईने लग्नातला चांदीचा ब्रोच घंटेच्या ओतकामात टाकला, तेही लिहिलं. "माझं नाव कशाला घातलंस, मेल्या," म्हणून तिने मला झापलं.

अडलंय शेवटच्या पानावर. तिथे लिहिलंय, कॉलेजच्या चर्चमधली उपासना यापुढे इंग्रजीत व्हावी असं मंडळाने ठरवलं. तुलाही मी तसंच कळवलं होतं. मंडळ कसलं, ताई! मतं समसमान पडली आणि अध्यक्ष म्हणून निकाल मी दिला. निम्म्या पोरांना नॉर्वेजियन कळत नाही, अशाने कॉलेज ओस पडेल, हे खरंच आहे. पण त्या घडीला आई डोळ्यांपुढे आली आणि मी तिला बाजूला सारलं.

प्रभुभोजनाची भाकर घ्यायची तर आदल्या दिवशी पाळकाकडे, म्हणजे आता माझ्याकडे, नाव सांगायची आपली रीत. शनिवारी आई आली. तेवढ्यापुरती ती मला पास्टर म्हणते, दार ओलांडलं की लगेच, "तोर्गेर, टोपी घाल."

या वेळी उभ्याउभ्याच म्हणाली, "पास्टर, उद्या तुम्ही काय म्हणाल ते मला कळणार नाही. तरी आले तर चालेल का?"

मी चालेल म्हटलं. एवढंच.

काल ती वेदीपाशी गुडघे टेकून बसली. मंडळातली माणसं बघत होती. दोन शब्द आपल्या भाषेत बोललो असतो तर काही आभाळ कोसळलं नसतं. मी इंग्रजीतच बोललो. परक्या गावात वाट विचारावी तशी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. लाज वाटते गं.

नंतर घरी जाताना तिने टोपीवरून ओरडावं म्हणून मी मुद्दाम बोडक्यानेच निघालो. ती काही बोलली नाही. आज सकाळी कॉफी ओतताना म्हणाली, "पास्टर, साखरेचा खडा देऊ का?"

उत्तर लवकर लिही. रागावलीस तरी चालेल, पण मला नावाने हाक मार.

तुझा धाकटा,
तोर्गेर