मुंगीचं शिफारसपत्र

४ ऑक्टोबर
निर्णय झाला. न्यूरोसायन्समध्ये पीएचडी. उद्यापासून पहाटे पाचला उठणे, रोज दोन पेपर वाचणे, मोबाईल कपाटात. मेंदूवर संशोधन करायचं तर आधी स्वतःच्या मेंदूला शिस्त हवी. घरात जाहीर केलं. दादा म्हणाला, आधी अर्ज तर कर, घोडामैदान जवळच आहे. वहिनीने विचारलं, म्हणजे भाऊजींची खोली रिकामी होणार का? तिला शिलाई मशीनसाठी उजेडाची जागा हवी आहे. मी मेंदूचं कोडं सोडवायला निघालोय आणि घरच्यांचं लक्ष खिडकीकडे.

५ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ
पाचचा अलार्म वाजला असणार आणि मीच बंद केला असणार. झोपेतल्या कृती आठवत नाहीत, हे प्रत्यक्ष अनुभवलं. दिवस अगदीच वाया गेला असं नाही.

११ ऑक्टोबर
लॅबमधला प्रोजेक्ट मार्चअखेर संपतोय. म्हणजे माझी असिस्टंटची नोकरीही. पीएचडी नाही मिळाली तर घरीच बसायचं, पण तो प्रश्न येणार नाही. इथलं काम म्हणजे उंदरांच्या मेंदूच्या पातळ चकत्या कापा, रंगवा, मायक्रोस्कोपखाली पेशी मोजा. सगळं हाताचं. माझा पिंड विचारवंताचा, म्हणून माझ्या चकत्या जरा फाटतात.
शेजारच्या टेबलवर मुंगी बसते. नाव मीच ठेवलंय, कारण मान कधी वर नाही. मी अर्ज करणार त्याच विद्यापीठात तीही करतेय म्हणे. एका लॅबमधून ते दोघांना घेत नाहीत. तिला कोणीतरी समजावायला हवं. उगाच तिचं मन मोडायला नको.

२ नोव्हेंबर
अर्जातल्या निबंधाचं पहिलं वाक्य झालं: ‘लहानपणापासूनच मला मेंदूचं आकर्षण होतं.’ खात्री करायला आईला फोन केला. ती म्हणाली, तुला लिफ्टचं आकर्षण होतं, उतरायचाच नाहीस. वाक्य ठेवलं. आईचं वय झालंय.

१६ नोव्हेंबर
लॅबच्या प्रमुख मॅडमकडे शिफारसपत्र मागितलं. म्हणाल्या, तूच कच्चं लिहून आण, मी वाचून सही करते. आमच्यात हे असंच चालतं. ज्याची शिफारस त्यानेच लिहायची, आणि ते कोणी कुठे बोलायचं नाही. मी खुशीत निघालो तर दारातून परत बोलावलं. मुंगीचंही तूच लिही म्हणाल्या. तिला स्वतःबद्दल लिहायला सांगितलं तर तिने दोन ओळी आणल्या, त्यातली एक माफी. तुझी भाषा चांगली आहे.
शत्रूची तलवार मीच घासायची. पण भाषा चांगली आहे हे मॅडमच्या तोंडून आलं, त्यामुळे नाही म्हणवलं नाही.

२१ नोव्हेंबर
माझं पत्र झालं. ‘असामान्य प्रतिभा’, ‘विलक्षण दूरदृष्टी’, ‘माझ्या कारकिर्दीत असा विद्यार्थी दुसरा पाहिला नाही.’ शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. वहिनीला वाचून दाखवलं. तिने काम थांबवून मन लावून ऐकलं आणि विचारलं, मुलाचं लग्न व्हायचंय का? तिच्या मावसबहिणीसाठी बघताहेत. मी म्हटलं, अहो, हा मीच. तिने मशीन पुन्हा सुरू केलं.
मशीन आता माझ्या खोलीच्या दारात आहे. तात्पुरतं.

२८ नोव्हेंबर
मुंगीचं पत्र. खोटं लिहायचा माझा स्वभाव नाही. पण कौतुकाचा एक शब्दही खर्च करणार नाही. नुसतं काय केलं तेवढं, कोरडं ठणठणीत.
लिहिलं की, चकत्या फाटत होत्या तेव्हा सगळे पात्याला दोष देत होते. हिने कापायच्या यंत्रात वेगळा थर्मामीटर ठेवला. यंत्र सांगत होतं त्यापेक्षा आत फार गार होतं, चकत्या त्यानेच फाटत होत्या. मग लिहिलं की, तिच्या मनासारखा आलेख आला होता, मॅडम खूश होत्या, आणि हीच मीटिंगमध्ये उभी राहून म्हणाली की तो धरू नका, मोजताना कुठला उंदीर कुठल्या गटातला हे मला माहीत होतं. मग लेबलं झाकून सगळं पहिल्यापासून मोजलं. आलेख पहिल्याइतका छान आला नाही. तिने अहवालात तोच लावला.
हे सगळं मला इतकं कसं आठवतं कोण जाणे. शेजारी टेबल आहे, माणूस काम करताना दुसरं बघणार काय.
वाचून कमिटी डुलक्या काढेल. काम फत्ते.

३० नोव्हेंबर
मॅडमनी माझं पत्र उभ्यानेच वाचलं, भुवया उंचावल्या, सही केली. मुंगीचं वाचताना खाली बसल्या. परत पहिल्यापासून वाचलं. म्हणाल्या, हे तुझ्या लक्षात होतं? बहुधा कंटाळल्या.

१ डिसेंबर
शेवटची तारीख. अर्ज भरताना कळलं की ‘तुमचा संशोधनाचा प्रश्न’ अशीही एक जागा आहे. ‘मेंदू कसा चालतो?’ असं लिहिलं. लोक बारीकसारीक प्रश्न विचारतात, मुळाला कोणी हात घालत नाही.

१९ जानेवारी
मुंगीला मुलाखतीचं बोलावणं. मला नाही. ज्यांच्याबद्दल शंका असते त्यांनाच बोलावत असतील.
मशीन खिडकीखाली आलं. माझं टेबल पॅसेजमध्ये. एकाग्रतेला पॅसेज बरा.

११ फेब्रुवारी
नाही म्हणून ईमेल आला. वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. जेवलो नाही. वहिनीने काही न विचारता मशीन बाहेर ओढायला घेतलं. म्हटलं राहू द्या, तुमच्या डोळ्यांना तिथे बरं पडतं.

१५ मार्च
मुंगीची निवड झाली. मुलाखतीत त्यांनी पत्रातला थर्मामीटरचा परिच्छेद तिला वाचून दाखवला म्हणे. म्हणाले, हे ज्याने लिहिलंय त्याला नीट बघता येतं. मुंगी मॅडमचे आभार मानता मानता रडली. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी मायक्रोस्कोपला डोळा भिडवला. त्याचा दिवा लावलेला नव्हता.

३१ मार्च
लॅबमधला शेवटचा दिवस. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी स्वतःचंही तसंच पत्र लिहून आण. नुसतं काय केलंस तेवढं.
पॅसेजमध्ये येऊन बसलोय. बराच वेळ बसलोय. केलेली एकच गोष्ट आठवली, की मुंगीचं पत्र मी लिहिलं. तीच लिहिता येत नाही, कारण खाली सही मॅडमची आहे.
दुसरी शोधायला उद्या पाचचा अलार्म लावलाय.