०८३६ न लावता

४ फेब्रु.
दुपारी दुकानात पक्याचा फोन. अक्काचा मुलगा, बेळगावचा. "मामा, थँक्स. आई रोज तुमच्याशी बोलते, तेव्हापासून नीट जेवते."
दोन वर्षांत या बाईशी मी एक शब्द बोललेलो नाही. आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या तेराव्याला सगळ्या पंगतीसमोर म्हणाली, बाळूनं, म्हणजे मी, दवाखान्यात न्यायला उशीर केला. तेव्हापासून बंद.
पक्याला म्हटलं, आईला भास होतात, डॉक्टरला दाखव. तर म्हणतो, "नाही मामा, घरच्या फोनवरून तुमचाच नंबर लावते ती, माझ्यासमोर." इंजिनियर म्हणे! घरात कोण कोणाशी बोलतंय, पत्ता नाही.

५ फेब्रु.
मालूनं चहा ओतता ओतता सोडवलं. "अक्का इतकी वर्षं इथंच नवनगरला होत्या. तिथून आपला नंबर तसाच लागायचा, हुबळी-धारवाडला एकच कोड, ०८३६. आता पक्याकडं राहायला गेल्यावर बेळगावातूनही कोड न लावता तसाच लावत असणार. मग लागतो तो बेळगावचाच, कुणाचातरी."
काहीतरीच, म्हटलं. नंतर विचार केला. बरोबर आहे. तिला सांगितलं नाही, आधीच मिजास कमी आहे का.
म्हणजे आमचाच नंबर बेळगावात दुसऱ्या कुणाच्या घरी. आणि तो माणूस बाळू होऊन बोलतो! भामटा. दागिन्यांची माहिती काढत असणार.

६ फेब्रु.
मोबाईलवरून बेळगावचा कोड ०८३१ लावून पुढं आपलाच नंबर दाबला. म्हातारा आवाज. "कोण पाहिजे वो?"
बाळू पाहिजे, म्हटलं.
"तुम्हीच ते खरे काय?"
रिटायर्ड मास्तर. एकटाच राहतो. तोंडाला येईल ते बोललो, पोलिसात देतो म्हटलं. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "राँग नंबर म्हणून कितीदा ठेवला वो मी. एक दिवस त्या रडायलाच लागल्या. बाळू, अप्पांच्या वेळी मी बोलले ते खोटं होतं, राग सोड. आता राँग नंबर कसं म्हणू? जाऊ दे अक्का, सोडला, म्हटलं."
सोडला! हा कोण सोडणारा?

७ फेब्रु.
दुकानात लक्ष नाही. गिऱ्हाईकाला एका कुकरवर भलत्याच कुकरचं झाकण दिलं. बाई परत येऊन चार लोकांत बोलून गेली, कन्नडमध्ये, सावकाश, एकेक शब्द नीट कळेल असं.
जे ऐकायला दोन वर्षं थांबलो, ते एका फुकट्या मास्तरनं ऐकलं. वर माझ्या नावानं माफीही देऊन मोकळा.
मालू म्हणते, "बरंच झालं की. तुम्ही कुठली दिली असती?"
हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

८ फेब्रु.
पक्याला सांगितलं, फोनपाशी ठळक लिहून चिकटव. आधी ०८३६, मग नंबर. "मामा, शून्य पण लावायचं?" अरे गाढवा, हो.
मास्तरचं बोललो नाही. हा आईला सांगेल, आणि तिला कळलं की आपण कुणापुढं रडलो, तर...
राहू दे.

१० फेब्रु.
संध्याकाळी घरचा फोन. अक्का.
"अय्यो, कितीतरी आकडे लावायला लावले बघ पक्यानं आज."
मी थांबलो. आता म्हणेल अप्पांचं. तर हिचं गुडघ्याचं सुरू. "काल तू म्हणालास तसं मिठाच्या पाण्यानं शेकलं. उतरली सूज." मास्तर डॉक्टरही झाला!
शेवटी मीच म्हटलं, अक्का, ते अप्पांच्या वेळचं...
"ते झालं की रे बोलून आपलं. तू सोडलंस ना? मग परत कशाला?"
रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मालू दारात, तिच्याकडं बघितलं नाही.
"बाळू, आवाज का रे असा येतोय तुझा आज?"
सर्दी झालीय, म्हटलं.
"वाफ घे. उद्या करते परत."
कोड लावून करते का तसाच, कोण जाणे.