भोपळा आहे तोवर

३ मार्च, रविवार

झालं! पुन्हा तोच विषय. माझ्या हातचं कणीस खात मुलगा मलाच विचारतो, "आई, हा भोपळा अजून किती चालणार गं?"

भोपळा म्हणजे माझा बार्बेक्यू. कोळशाचा — गोल, काळा, तीन पायांचा, वर टोपीसारखं झाकण. कँटीनमधून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी मिळून दिला. तीस वर्षं गॅसपुढे उभी राहिले होते, आता कोळशावरच शिजवीन म्हटलं, आणि दर रविवारी शिजवते!

चूक माझीच. हे गेल्यावर मुलगा हट्टाला पेटला — एकटी राहू नकोस, आमच्याकडे चल. पाचवा मजला, लिफ्ट, सगळं हाताशी. नाही म्हणून म्हणून तोंड दुखलं, तेव्हा वेळ मारून न्यायला बोलून गेले, "हा भोपळा मोडला की येते. शब्द देते!" पठ्ठ्या दुकानात जाऊन विचारून आला. "नेमाने वापरला तर दोन-तीन वर्षं, फार तर पाच." खूश होऊन घरी गेला.

त्याला आता बारावं वर्ष चालू आहे.

मुलाचं काही नाही. तो विचारतो आणि विसरतो. पण सूनबाई! ताट उचलता उचलता हळूच म्हणाली, "खरंच आई, अजून किती वर्षं टिकेल हो?" आवाज मधाळ. ही खरी सेनापती. मुलगा नुसता शिपाई आहे.

५ मार्च

राख काढली. जाळी घासली. बुडाला आतून तेलाचा हात फिरवला. पायाचा स्क्रू ढिला होता, तो आवळला.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. लोक मटण खातात, हात धुतात आणि राख तशीच बार्बेक्यूच्या पोटात ठेवून झोपतात. त्यात पाऊस शिरला की पत्रा गेलाच म्हणून समजा. ओली राख लोखंड खाते. गरम असताना झाकण्याची घाई केली तरी आत घाम धरतो. एवढं जपलं तर हा मला पुरून उरेल.

दुपारी सूनबाईचा फोन. "आई, पाऊस येणार म्हणतात. झाकलाय ना?" बघा! चौकशी कशाची, तर माझी नाही, भोपळ्याची.

१० मार्च, रविवार

आज खटलाच चालला. फिर्यादी मुलगा, आरोपी मी, पुरावा अंगणात उभा.

"आई, वरची जाळी नवी?"

"नवी."

"खालची, कोळशाची?"

"तिसरी."

"चाक? मूठ?"

"चाक तूच आणून दिलंस की रे!"

"मग हा तो बार्बेक्यू राहिलाच कुठे? तो कधीच मोडला. तू एकेक भाग बदलून आम्हाला गंडवतेयस. शब्द पाळ आता!"

मी चिमटा खाली ठेवला. म्हटलं, "माझा उजवा गुडघा नवा. डावा नवा. दोन्ही डोळ्यांत भिंगं नवी. वरचे दात तर रात्री पेल्यात असतात. मग मी तुझी आई नाही?"

त्याचा कोंबडीचा तुकडा हातातच राहिला. सूनबाईला एवढं हसू आलं की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मीही हसले. किती दिवसांनी अशी हसले.

पण नंतर स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहते तर काय — सूनबाई अंगणात एकटी, हातात मोजपट्टी, आणि भोपळ्याचं झाकण मोजतेय! आधी आडवं, मग कडेने गोल. मी खाकरले तशी पट्टी पर्समध्ये गेली. गाडीच्या डिकीत मावतो का ते बघत असणार. भंगारात घालायचा बेत! म्हणजे हसणं वरवरचंच होतं.

१३ मार्च

भोक.

बुडाला, राख पडते त्या फटीपाशी. खराट्याने झाडताना काडी आरपार गेली. बोटाने चाचपलं तर आजूबाजूचा पत्रा पापडासारखा मोडायला लागला.

आठवलं. मागच्या वर्षी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर त्यांच्याकडे होते. जायच्या आदल्या दिवशी रविवार होता. सगळ्यांना जेवू घातलं आणि दवाखान्याच्या धांदलीत राख काढायची राहिली. महिनाभर ओली राख आत, वर झाकण. जगाला शहाणपण शिकवते आणि स्वतः हे असं!

त्या महिन्यात सूनबाईने मला उचलून बसवलं, आंघोळ घातली, रात्री तीनदा उठली. नाव ठेवायला जागा नाही. पण तिथे सकाळी उठून करू काय? पाचव्या मजल्यावरून खाली बघत बसायचं. इथे मी उठते, मागचं दार उघडते, आणि दिवस माझा असतो. मला नाही जायचं इथून. सरळ लिहिते — नाही जायचं.

१६ मार्च

लबाडी केली. आतून जुनी स्टीलची थाळी बसवली, वर कोळसा रचून पाहिला. दिसत नाही. उद्याचा रविवार निघेल. पुढचं पुढे.

१७ मार्च, रविवार

नाही निघाला.

कोळसे चांगले फुलले होते, कोंबडी अर्धी झाली होती. मुलगा झाकण उचलायला गेला आणि खाली धाड्‌कन आवाज! थाळी, कोळसे, राख, सगळं बुडासकट जमिनीवर. मुलगा "आई गं!" करत एका पायावर नाचतोय, सूनबाई बादली घेऊन धावतेय, आणि मी? मी चिमट्याने कोंबडी वाचवतेय! एकही तुकडा वाया जाऊ दिला नाही. उरलेली तव्यावर भाजली.

निखारे विझले तशी थाळी दिसली. मुलाने ती पायाने उलटी केली, माझ्याकडे बघितलं. मी शाळेतल्या पोरीसारखी उभी. वाटलं, आता विजयोत्सव होणार. पण तो नुसता म्हणाला, "आई, जळली असतीस ना गं." एवढा घाबरतो हा माझ्यासाठी, ते मला आज कळलं.

मग मीच म्हटलं, "शब्द म्हणजे शब्द. पुढच्या रविवारी येते राहायला."

सूनबाईची भंगाराची घाई कुठे दिसली नाही. उलट झाकण उचलून, पुसून, जपून पडवीत ठेवलं. "हे टाकू नका हं आई," एवढंच.

१९ मार्च

बॅग भरली. साड्या, औषधं, यांचा फोटो. चिमटा ठेवला, काढला, परत ठेवला. तिथे चिमट्याने काय करणार आहे? तरी ठेवला.

मागचं दार सकाळपासून तीनदा उघडून झालं. अंगणात तीन पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात. रडले थोडी. मग चहा करून घेतला.

२१ मार्च

सूनबाई आली. एकटी, रिक्षाने, मांडीवर हे भलंमोठं खोकं. त्यात नवं बूड, नवे पाय. "दहा-दहा दिवस लागतात मागवायला. म्हणून तर सारखी विचारत होते, किती टिकेल." जुनं झाकण वर ठेवलं — बसलं! अगदी चपखल.

मी म्हटलं, "अगं, पण शब्द?" तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. "आई कुठे येत नाहीत. बार्बेक्यू तोच आहे रे. फक्त गुडघे बदललेत."